निंब मागितला होता

चोपड्याजवळच्या त्या गावात एक्याऐंशी साली रस्ता रुंद झाला आणि वेशीवरचा जुना कडू निंब गेला. प्रगतीला सावली लागत नाही, असं रस्तेवाल्यांचं मत असावं. गावानेही टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या थेट आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला लेकी माहेरी आल्यावर. दरवर्षी जिला झोका बांधायच्या ती फांदी कधीच कुणाच्या तरी चुलीत गेली होती.

लोटनआबांच्या पुष्पाने घराच्या तुळईला झोका बांधला. पुढे गेलं की पाय भिंतीला, मागे आलं की डोकं धान्याच्या कोठीला. आखाजीची गाणी अशी घरात कोंडून म्हणता येत नाहीत.

"आबा, आते काय करू मी आठे येईसन?" म्हणाली आणि सण उरकताच शिरपूरला सासरी गेली. पुढच्या आखाजीला निरोप आला, ऊन फार आहे. जणू आधीच्या आखाज्या बर्फात झाल्या होत्या.

तेवढ्यात सामाजिक वनीकरणाची जीप भोंगा वाजवत आली. साहेब कोकणातले. पृथ्वी वाचवायची म्हणाले, कोणती रोपं हवीत? आबांना पृथ्वीचं फारसं माहीत नव्हतं, पुष्पाचं होतं.

"निंब द्या साहेब. बठ्ठा निंबच द्या!" भोंग्याच्या वरताण ते ओरडले.

पावसाळ्यात ट्रक आला. शेजारच्या म्हाताऱ्या भिकुबाईने पान चुरगळून हुंगलं. "आबा, हाऊ निंब नही, निंबू शे!"

"लिंबूच सांगितलंत ना?" साहेब म्हणाले.

"याला झोका कसा बांधायचा, साहेब?"

"झोका? आबा, हे पर्यावरणाचं काम आहे."

रोपं लागली, फोटो निघाले. "पुष्पाले निरोप धाडा आबा," गावातला चुडामण म्हणाला, "झोका नही, सरबत शे!" गाव हसलं. आबा मात्र रोज पाणी घालत राहिले. रोपांनी कुठे भोंगा वाजवला होता?

लिंबं काटेरी वाढली. कावळे त्यांच्यावर बसू लागले. दोनतीन वर्षांनी एका लिंबाच्या बुडाशी करवती कडांचं कोवळं पान दिसलं. काट्यांत शेळ्या तोंड घालत नव्हत्या. आबा रोजची बादली तिथे रिकामी करू लागले.

निंब वर गेला, त्याच्या सावलीत लिंब वाळलं. ब्याण्णव उजाडलं, त्र्याण्णव गेलं. चौऱ्याण्णवच्या आखाजीला आबांनी शिरपूरला एवढाच निरोप धाडला, दोर बांधेल शे.

पुष्पा आली, स्वतःच्या लेकीला घेऊन. फांदीकडे बघतच राहिली.

"हाऊ साहेबनी लावा का, आबा?"

"नही पोरी, कावळानी लावा. साहेबनी कुंपण करं."

ती झोक्यावर बसली. पदर वाळल्या लिंबाच्या काट्यात अडकून टर्रकन फाटला, तरी थांबली नाही. गाण्याचे अर्धे शब्द ती विसरली होती, ते भिकुबाईने खालून पुरवले.

सण संपला. सगळ्यांच्या लेकी गेल्या, पुष्पा राहिली. आबांनी विचारलं, तर म्हणाली, शिरपूरला ऊन फार असतं.