चिंचदऱ्यात पटकी नाही

साहेब, तुम्ही धडधाकट माणसांना सुया टोचल्या आणि आजारी माणसांना मरू दिलंत. तुमचं नाव लिहीत नाही. आरोग्य अधिकाऱ्याच्या त्या खुर्चीत दुसरा असता तरी त्यानं हेच केलं असतं. पण त्या दिवशी खुर्चीत तुम्ही होता. चिंचदऱ्याच्या पाटलाच्या ओसरीवर, खाटेवर बसून, मांडीवर वही ठेवून तुम्ही लिहिलंत : ‘गावात पटकीचा एकही रुग्ण आढळला नाही.’ तुमच्या जीपमध्ये लशीची पेटी होती. आणि तिथून दीड कोसावर, नाल्याच्या वळणापलीकडे, खेमसिंग नाईकाच्या तांड्यात त्याच घटकेला पाच माणसं ओकत होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी नागोराव, पंजाबराव डॉक्टरांचा कंपाउंडर. तुमच्या हाती आलेला कागद माझ्या अक्षरातला होता.

डॉक्टर म्हणजे काही मोठा माणूस नव्हे. दिग्रसच्या रस्त्यावर आमचं बाजाराचं गाव, त्यात दोन खोल्यांचा दवाखाना. एकोणतीस वर्षं खोकला, खरूज, नारू, विंचू आणि बाळंतपणं. संध्याकाळी बाकावर आडवे व्हायचे ते चपला न काढता, कारण चपला काढल्या की हमखास कोणी तरी येतं, असं त्यांचं म्हणणं. कोणी सत्कार केला नाही, कोणी शिवीही दिली नाही. एवढं एकच होतं, की देवी किंवा पटकी दिसली की डॉक्टरनं सरकारला कळवलं पाहिजे, हा कायदा ते पाळायचे. आसपासचे पाळत नसत. कळवलं की बाजार बंद होतो, बाजार बंद झाला की कापसाचे व्यापारी डोळे वटारतात. पटकीचं ‘जुलाब’ लिहून मोकळं होणारे डॉक्टर मी पाहिलेत, त्यांची घरं दुमजली आहेत. मी एकदा विचारलं, तुम्हीच काहून एवढा कागदाचा ताप घेता? ते म्हणाले, “माह्याजोळ सलाईनच्या चार बाटल्या हायेत रे, नागोराव. सरकारजोळ जीप हाय. मी सांगतलंच नाई तं थे जीप कोनासाठी निंगन?”

एकसष्ट सालचा मे महिना. सकाळीच खेमसिंग आला आणि पायरीच्या खाली, उन्हात उभा राहिला. साठीचा माणूस, डोक्याला लाल पागोटं. मी म्हटलं, नाईक, आत या, बसा. तो हलला नाही.

“आत येत नाई,” तो म्हणाला. “तांड्यात हैजा हाय. तुमच्या दवाखान्यात लेकरंबाळं येतात.”

हैजा म्हणजे पटकीच. डॉक्टरांनी सायकल काढली. मी पेटी मांडीवर घेऊन मागे बसलो. खेमसिंग आमच्या पुढे पुढे चालत राहिला. सायकलवर बसलेल्या आम्हाला त्याला गाठता आलं नाही, असा तो चालत होता.

तांड्यात पोचलो तर बैल जुंपलेले. गाड्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचे खुराडे, सगळं भरून झालं होतं. बंजाऱ्यांची ही रीत जुनी. बैलांच्या पाठीवर माल लादून त्यांचे आजे-पणजे मुलुखभर फिरले. ज्या मुक्कामाला रोग आला तो मुक्काम सोडायचा, मागं वळून बघायचं नाही. शेती करू लागले तरी ही गोष्ट कोणी विसरलं नव्हतं. खेमसिंगची बायको मोतीबाई शेवटच्या गाडीत हंडे बांधत होती.

डॉक्टरांनी तिघांना तपासलं. दोन लेकरं आणि खेमसिंगचा भाऊ धरमसिंग. भाताच्या पेजेसारखे जुलाब, डोळे खोल, चिमटीत धरलेली कातडी परत बसेना. नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी सारा तांडा प्यायचा. डॉक्टर झिऱ्याशी जाऊन आले, मग गाड्यांसमोर उभे राहिले.

ते म्हणाले, जाऊ नका. तुम्ही पुसदच्या रस्त्याला लागाल, तिकडे तुमचे सोयरे आहेत, ज्या तांड्यात उतराल तिथे हा रोग उतरेल. इथंच थांबा. पाणी उकळून प्या. मी आज कागद पाठवतो. तीन दिवसांत सरकारची गाडी येईल, झिऱ्यात औषध पडेल, सगळ्यांना टोचतील.

मोतीबाईनं हंड्याची गाठ सोडली नाही. “सरकार आमच्या इथं एकडाव आलतं,” ती म्हणाली. “दोन-तीन महिने झाले असन. मानसं मोजाले. आता अजून येऊन मोजन, तं कमी भरन.”

दोघीतिघी हसल्या. डॉक्टरही हसले असते, पण त्यांच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. “मोतीबाई,” ते म्हणाले, “कायदा हाय. मी लिवलं का त्याहीले यायचंच लागते.”

खेमसिंग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिला. नाईक बोलेल ते तांड्याचं बोलणं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग तो शेवटच्या गाडीशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं हंडे खाली उतरवले. त्याचं बघून बाकीच्यांनी बैल सोडले. वाटेवर लिंबाच्या डहाळ्या आडव्या पडल्या. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. आम्ही दोघे तेवढे सुटे.

दुपारी दवाखान्यात मी कागद भरला. रोगाचं नाव, रुग्ण किती, केव्हापासून. मग गाव. दोन वर्षांपूर्वी याच तांड्यात देवी आली होती, तेव्हा मी गावाच्या रकान्यात ‘खेमसिंग नाईकाचा तांडा’ असं लिहिलं होतं. अकराव्या दिवशी कागद परत आला : या नावाचे गाव यादीत नाही. तांड्यात दोनशेवर माणसं राहतात, चुली पेटतात, लग्नं होतात, पण तुमच्या यादीत तो नाही. त्याची जमीन चिंचदऱ्याच्या शिवारात मोडते, म्हणून ती माणसंही चिंचदऱ्याची. हे ध्यानात ठेवून या वेळी मी ‘चिंचदरा’ लिहिलं.

डॉक्टरांनी वाचलं. “तांडा नाई लिवला?”

“मांगच्या वख्ती वापस आलता नं. चिंचदरा लिवलं का अडत नाई.”

त्यांनी सही केली. कागद त्याच दिवशीच्या एसटीनं गेला. आणि खरंच, अडला नाही.

दुसऱ्या दिवशी चारही बाटल्या संपल्या. धरमसिंग गेला, एक लेकरू गेलं. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही तांड्यात असताना चिंचदऱ्याच्या अंगाला धुळीचा लोट दिसला. एवढी धूळ जीपच उडवते. खेमसिंग टेकाडावर चढून बघत होता. “आली,” तो म्हणाला. बायकांनी लेकरांची तोंडं धुतली, कोणी तरी खाट आणून लिंबाच्या सावलीत टाकली, साहेबांना बसायला म्हणून. आम्ही वाट बघत राहिलो. बाराच्या पुढं तोच लोट पुन्हा उठला. आणि आला तसा उलट्या दिशेनं निघून गेला.

डॉक्टर सायकलवर बसले. त्या उन्हात मी मागं पळत होतो. चिंचदऱ्यात गेलो तर ओसरीवर पाटील दंड चोळत बसलेला. टोचलेली जागा सुजली होती. गावातल्या बावन्न माणसांना टोचून तुम्ही गेला होता, आणि पाटलाच्या बांधीव विहिरीत औषध टाकून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, तांड्यात माणसं मरून राह्यली, हे तुम्ही सांगितलं काहून नाही?

पाटील खरोखरच बुचकळ्यात पडला. वाईट माणूस नव्हता तो. “डाक्टर, मले साहेबानं पुसलं, गावात कोनी बिमार हाय का. मी सांगतलं, नाई. तांड्याचं मले पुसलंच कोनी?”

चौथ्या दिवशी डॉक्टर एसटीनं तुमच्या कचेरीत आले. मी सोबत होतो. दीड तासानं आत बोलावलंत, उभं ठेवलंत. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं.

“तुम्ही कळवलं त्या गावी मी स्वतः गेलो होतो, डॉक्टर. तिथे काही नाही.”

“आजारी तांड्यात आहेत, साहेब. गावापासून दीड कोसावर.”

“मग तांडा कळवायचा.”

“तांडा तुमच्या यादीत नाही.”

“तो भाग महसूलचा. माझ्याकडे नाही.” मग तुम्ही घड्याळ बघितलंत. नवा कागद द्या म्हणालात. जीप पांढरकवड्याच्या दौऱ्यावर जायची होती, लस पुन्हा मागवावी लागणार होती, कारण होती ती बावन्न निरोगी दंडांत गेली होती.

डॉक्टरांनी तिथंच, तुमच्या कारकुनाच्या टेबलाच्या कडेला, नवा कागद लिहिला. परत येताना एसटीत त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, “मी नसतो गेलो तं थे लोकं निंगून गेले असते, नागोराव.” मी म्हटलं, रोग पसरला असता. ते म्हणाले, “मालूम हाय मले.”

पाचव्या दिवशी मोतीबाई गेली. तुमची जीप तांड्यात आठव्या दिवशी आली. तोवर मेलेली नऊ झाली होती.

आता तुमचं पत्र. जूनमध्ये डॉक्टरांना आलं. ‘चिंचदऱ्यात साथ नसताना साथ कळवल्यामुळे सरकारी लस आणि वेळ वाया गेला, तरी तुमच्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करा.’ सोबत एक टाइप केलेला कागद. ‘माझ्याकडून रोगनिदानात चूक झाली’ असं त्यात होतं, खाली सहीची जागा. सही केली की प्रकरण मिटणार होतं. पटकी झाली नाही, साथ आली नाही, कोणाचंच काही चुकलं नाही. नऊ माणसं उगीच मेली.

तो कागद टेबलावर पडला होता, त्याच दिवशी खेमसिंग आला. या वेळी आत येऊन बाकावर बसला. डॉक्टर त्याच्याकडे बघू शकत नव्हते. मीच बोललो, सगळं सांगितलं, गावाचं नाव मी लिहिलं हेही सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमी म्हनलं थांबा, आमी थांबलो,” तो डॉक्टरांना म्हणाला. “हंडे मीच उतरवले. थे नाई म्हनत होती.” थोडा वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. “तुमी रोज आले. तुमाले नाई बोलत मी. पन पंचायतीत लिवाले गेलतो, मानसं मेली म्हून. कारकून म्हने, कोन्या गावची? मी सांगतलं. थो म्हने, असं गाव नाई. मंग म्हनलं चिंचदऱ्याची लिव. थो म्हने, चिंचदऱ्यात हैजा नव्हताच, साहेबाचा शेरा हाय.” आता त्यानं वर बघितलं. “मंग थे मेली कुठी, डागदर?”

डॉक्टरांनी तुमचा टाइप केलेला कागद उचलला, चार घड्या घालून औषधांच्या कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला. मग मला कोरा कागद घ्यायला सांगितलं. नऊ नावं त्यांनी खेमसिंगला विचारून सांगितली, मी लिहिली. वय, दिवस, रोग : पटकी. गावाचं काय लिहू, म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, रिकामं ठेव आणि खाली लिही, ही जागा कृपया आपण भरून पाठवावी.

सही करून त्यांनी तो कागद त्याच दिवशी टपालात टाकायला लावला.

तुमची कारवाई झाली नाही. फाइल कुठल्या तरी कपाटात निजली असेल. उत्तरही आलं नाही. डॉक्टर त्यानंतर तीन वर्षं जगले, रोज टपालवाल्याला विचारत. मागच्या साली गेले. खेमसिंग अजून आहे. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या बंद दारापाशी येतो, मला बघून थांबतो, काही विचारत नाही.

म्हणून मी विचारतो. मी डॉक्टर नाही, कळवायचा कायदा मला लागू नाही. उत्तर द्यायचा कायदा तुम्हाला लागू असेल तर बघा. धरमसिंग, मोतीबाई, रामीबाई, हरिसिंग, भुरीबाई आणि चार लेकरं. ही नऊ माणसं कोणत्या गावात मेली, साहेब? लेखी कळवा.