छात्राध्यापिका दिसत नाही

“मॅडम, तुमच्या व्हिडिओत तुमचं तोंड काहून नाही दिसत?”

भर वर्गात विचारलं मी हे. नववी ब, तिसरा तास, विज्ञान. पैज पिंकी आणि अंजूची होती. विचारलं तर खिडकीजवळची जागा महिनाभर माझी, नाही विचारलं तर महिनाभर त्या दोघींची दप्तरं मी वाहायची. पैजेतली खरी मेख ही, की फळ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडम म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, संस्कृती. घरी ताई, शाळेत मॅडम. वाशीमच्या कॉलेजात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सराव पाठांसाठी तिला नेमकी आमच्या गावचीच शाळा मिळाली.

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “तोंड घरी इसरून येतात मॅडम.” वर्ग अजून हसला.

ताईच्या हातात सोयाबीनचं उपटलेलं झाड होतं. मुळाची माती टेबलावर गळत होती. ती रागावली नाही. “प्रश्न चांगला आहे,” म्हणाली. “उत्तर मला शोधावं लागेल. बस खाली.” आणि पुन्हा मुळावरच्या गाठी दाखवू लागली.

जागा मी जिंकले. पण पिंकीनं खुशीनं चिमटा काढला तेव्हा मला हसू आलं नाही. कारण कॉलेजला पाठवायचे आणि वर्गाला उजळणीसाठी दाखवायचे ते पाठांचे व्हिडिओ मीच काढते.

सगळं सांगते. ताई वर्गात मोबाइल असा वापरते की आमचे हेडमास्तर दारात उभे राहून पाहतात. तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, रबरानं बांधून तिनं एक तिपाई केली आहे. तिच्यावर मोबाइल आडवा ठेवायचा, कॅमेरा खाली, आणि वर्गातल्या मोठ्या टीव्हीला जोडायचा. मग टेबलावरची बोटाएवढी मुळी टीव्हीवर हाताएवढी दिसते. पहिल्या दिवशी फजितीच झाली. मोबाइल बाबांचा, त्यामुळं मुळीवर भावकीच्या ग्रुपचे ‘शुभ सकाळ’चे गुलाब टपाटप यायला लागले. पोरं म्हणाली, मॅडम, सोयाबीनले गुलाब लागले. ताई लाल झाली, पण दुसऱ्या दिवशी ते गुलाब कसे बंद करायचे हे शिकून आली, आणि पंधरा दिवसांत हेडमास्तरांनाही शिकवून मोकळी झाली.

ताईला स्वतःचा मोबाइल नाही. आमच्या भावकीत तीन वर्षांपूर्वी बैठक बसून ठरलं, की लग्नाच्या पोरीचं तोंड मोबाइलमध्ये जाता कामा नये. फोटो नाही, स्टेटस नाही, व्हिडिओ नाही. लखमाकाकूच्या पोरीनं मैत्रिणीच्या हळदीतला फोटो स्टेटसला ठेवला आणि तिची ठरलेली सोयरीक मोडली, एवढं कारण पुरलं. बैठकीत एकही बाई नव्हती. चहा मात्र बायांनीच केला होता. तेव्हापासून आमच्याकडं ज्या पोरींच्या हातात मोबाइल येतो, त्यांच्या डीपीला मोर असतात, फुलं असतात, नाहीतर कुणाचं तरी बाळ.

म्हणून ताईचे व्हिडिओ गळ्याच्या खाली. “अजून खाली घे, निकी,” ती म्हणायची आणि मी घ्यायची. हात, मुळी, खडू. मला त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही. तो प्रश्न मला पिंकीनं शिकवला, नाहीतर मी जन्मभर खालीच घेत राहिले असते.

शुक्रवारी कॉलेजचा शेरा आला. ताईनं सत्तावीस मिनिटांचा चित्रित पाठ पाठवला होता. तो परीक्षेतला पाठ, तो गेला तर वर्ष गेलं. शेरा असा होता: “छात्राध्यापिका दिसत नाही. सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत पाठ पुन्हा सादर करावा, अन्यथा अनुत्तीर्ण.”

ताईनं तो बाबांना वाचून दाखवला. माझे बाबा, उकंडराव, वाईट माणूस नाहीत. पेरणीच्या घाईतसुद्धा ताईला मोटरसायकलवर आमच्या तालुक्याच्या, म्हणजे मालेगावच्या, स्टँडपर्यंत सोडून येणारा बाप आहे. आपली पोट्टी मास्तरीण होणार, हे ते किराणा दुकानापासून दूध डेअरीपर्यंत सगळ्यांना सांगून आलेले.

“छात्राध्यापिका म्हंजे कोन?” बाबांनी विचारलं.

“म्हंजे मीच, बाबा.”

“मंग तूच शिकवून राह्यली ना त्यात. आवाज येते ना तुवा?”

“त्यायले मी दिसली पाह्यजे.”

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मंगळवारी केनवडचे पाव्हणे येऊन राह्यले तुले पाह्याले. पोराच्या मामानं फोनवर पयलंच इचारलं, पोरगी मोबाइलमंदी हाये का म्हने कुठं. म्या नाई म्हनून सांगतलं. आता काय करू?”

“नाई पाठवला त मी नापास.”

“नापास नाई होऊ देत मी तुले.” बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि त्यांचा चेहरा उजळला. “इकासले उभा करू.”

विकासदादा म्हणजे माझ्या काकांचा मुलगा. बारावीनंतर शेतीत पडलेला, अंगानं उंच, मिशी झकास.

“तो शिकवीन?” आईनं गॅसजवळून विचारलं.

“तो निस्तं तोंड हालवीन. आवाज हिचा. मास्तर दिसला म्हंजे झालं.”

ताई तयार झाली. तिला स्वतःचं वर्ष वाचवायचं होतं, आणि बाबांचा शब्दही. मला तर सरळ गंमत वाटली.

रविवारी दुपारी ओसरीत शूटिंग ठेवलं. खुर्चीवर फळा टेकवला. विकासदादा इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला पाणी लावून, हातात सोयाबीनचं झाड धरून उभा राहिला. दोरीवर चादर टाकून तिच्याआड ताईला बसवलं. मी मोबाइल धरला.

“विद्यार्थी मित्रांनो,” चादर म्हणाली, “सोयाबीनच्या मुळावर या ज्या गाठी दिसतात, त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात.”

विकासदादाचं तोंड रायझोबियमपर्यंत पोचलं तोवर चादर हवेतल्या नायट्रोजनवर गेली होती. त्यानं घाबरून पुढचं सगळं ‘बो बो बो’ असं उरकलं. आई पदरात तोंड घालून हसली. माझा हात इतका हलला की मिशी वर आणि झाड खाली गेलं.

“थांबा, एक डाव अजून,” बाबा म्हणाले. “इकास, जरासाक तिरपा हो. ओठ दिसू देऊ नको.”

“काका, झाड उपटा म्हना, अख्खं वावर उपटतो. हे जिवानू मायाच्यानं नाई होत.”

पुन्हा हशा झाला. मग ताई चादर सारून बाहेर आली. हातातल्या पाठाच्या कागदाची तिनं बारीक घडी घातली.

“विकासदादा, बस. पानी पे. तुवा काई दोष नाई.” मग ती बाबांकडं वळली. “बाबा, मंगळवारी किती जन येतीन?”

“आठ-दहा.”

“मी त्यायच्यासमोर बसीन. वर पाह्य म्हनतीन त वर पाहीन. चालून दाखव म्हनतीन त चालीन. केस किती लांब हायेत ते बी पाहतीन. दहा अनोळखी मानसं चहा पेत पेत अर्धा घंटा मायं तोंड पाहतीन, अन् खुर्च्या तुमी मांडून द्यान. बरोबर हाये ना?”

बाबांनी खुर्चीवरचा फळा सरळ केला.

“अन् तेच तोंड, लेकरायले शिकवतानी, कॉलेजच्या दोन मॅडमनं पाह्यलं त खानदानाचं नाक जाते. हे गनित मले समजत नाई. समजावून सांगा.”

“गनित नाई ते,” बाबा हळूच म्हणाले. “रीत हाये.”

“मंग रीतीलेच सांगा, पास कर म्हना मले.”

विकासदादा झाड कुठं ठेवावं ते न कळून तसाच धरून बसला. आई दोरीवरची चादर काढून घडी घालायला लागली, आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, “मले पाह्याले आले तवा मी सतरा वर्साची होती. एकानं तोंड उघड म्हनलं अन् दात मोजले माये. कोन होता तो, आजपावतर मायीत नाई.”

पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं हे बाबांना सांगितलं नव्हतं, हे बाबांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि वावराकडं निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मोबाइल माझ्या हातात तसाच राहिला.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर ताईनं वर्ग घेतला. मोबाइल तिनं तिपाईवर ठेवला नाही. माझ्याजवळ दिला.

“मागच्या भिंतीले टेकून उभी राह्य. फळा, पोरं अन् मी, सगळं आलं पाह्यजे.”

“बाबा?” मी विचारलं.

“बाबाले संध्याकाळी मीच सांगीन. तू निस्ता हात हालू देऊ नको.”

पिंकी कुजबुजली, “आज तोंड आनलं वाटते मॅडमनं.” ताईनं ते ऐकलं. “आणलं,” म्हणाली, “आणि आता पुस्तक बंद करा.”

पाठ सुरू झाला. टीव्हीवर आधी भरून ठेवलेली मुळीची चित्रं होती. सहाव्या मिनिटाला लाइट गेली. टीव्ही काळा, पंखे बंद, पोरांचा ओरडा. पाठात टीव्ही वापरून दाखवायचा होता, आणि दुसरी संधी नव्हती. ताईनं काळ्या टीव्हीकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, “लाइट गेली. मुळी गेली का?”

टेबलाखालून तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली झाडं काढली. प्रत्येक बाकावर एक. “नखानं गाठ फोडा. आत कोणता रंग दिसतो ते सांगा.”

“पांढरा,” एक पोरगा म्हणाला.

“गुलाबी,” अंजू म्हणाली. “आतून रक्तासारखं हाये, मॅडम.”

“दोघांचंही बरोबर असू शकतं का?” ताईनं विचारलं, आणि वर्ग गाठी फोडण्यात बुडाला. आतून गुलाबी म्हणजे गाठ काम करते आहे, हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देते आहे. फिक्की म्हणजे अजून कामाला लागली नाही, किंवा लागणारच नाही. रोज याच वावरांतून शाळेत येणारी पोरं आम्ही, आणि कोणी कधी गाठ फोडली नव्हती. मागच्या बाकावरची पोरं तर पुढं येऊन जमिनीवर बसली.

आणि मी स्क्रीनमध्ये ताईला पाहत होते. प्रश्न विचारायच्या आधी तिची डावी भुवई किंचित वर जाते. कोणी चुकीचं उत्तर दिलं तर ती हसत नाही, मान अशी तिरपी करते की पोरगं आपणच थांबतं, पुन्हा विचार करतं आणि बरोबर उत्तरावर येतं. पिंकी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ताईनं नुसतं तिच्याकडं पाहिलं आणि पिंकीला जमलं. यातलं काही हातांत दिसत नाही. इतके दिवस मी शिकवणं कापून टाकत होते आणि त्याला व्हिडिओ म्हणत होते.

माझा हात हलला नाही. सत्तावीस मिनिटं.

लाइट आल्यावर हेडमास्तरांच्या खोलीतल्या नेटवरून तो पाठ गेला. चार वाजून वीस मिनिटं. हेडमास्तर म्हणाले, “टीव्ही बंद पडल्यावर काय करायचं, हे आमच्या ट्रेनिंगात कोणी शिकवलं नव्हतं बाई.”

घरी आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबा खाटेवर बसलेले, आई उंबऱ्यात.

“धाडला?” बाबांनी विचारलं.

“धाडला,” ताई म्हणाली. “मी पूर्ण दिसतो त्यात. निकीले काई बोलू नका, म्याच काढाले लावला.”

“केनवडच्या मामाचा फोन आलता इकासच्या मोबाइलवर. कोन सांगतलं देव जाने. उद्या येतो म्हने, पन तोवर तो इडिओ पुसून टाका म्हने.” बाबांचा आवाज चढला नव्हता, थकला होता. “कॉलेजवाल्यायले सांग. पुसून टाकतीन ते.”

“नाई, बाबा.”

“एका इडिओपायी सोयरीक घालवशीन?”

“मले वर्गात रोज तोंड घेऊन जाव लागीन, बाबा. पुढची तीस वर्सं. ज्याले ते चालत नाई त्याच्या घरी मी काय करू?”

आईनं ताईच्या हातातलं दप्तर घेतलं आणि ते छातीशी धरून तिच्या बाजूला उभी राहिली.

या वेळी पैज कोणाचीच नव्हती.

“बाबा, म्या बी एक ठरवलं,” मी म्हणाले.

“तू तोंड सांभाळ, निके.”

“तेच ठरवलं, बाबा. ताईचं बी सांभाळायचं, मायं बी.” मी मोबाइल त्यांच्या शेजारी खाटेवर ठेवला. “उद्या मी शाळेत नाई जात. पाव्हणे बसले का हा आपल्या टीव्हीले जोडनार अन् ताईचा पाठ लावनार. सत्तावीस मिनिटं. आई, चहा पाठ संपल्यावर ठेवजो, आधी नाई. पोरगी पाह्याले येऊन राह्यले ना, त पूर्ण पाहा म्हना. मंग मी एकेकाले इचारीन, गाठ आतून गुलाबी असली त काय समजाचं. ज्याले सांगता आलं त्यानं ताईले काय इचाराचं ते इचाराव. अन् चालून दाखव कोनी म्हनलंच, त पयले त्यायच्या पोरानं या दारापासून त्या दारापावतर चालून दाखवाव.”