नातेवाइकांनी बाहेर थांबावं

संसर्गजन्य आजारांच्या विभागात नवीन रेसिडेंट डॉक्टर आले की सर पहिल्याच दिवशी त्यांना भाषण देत. भाषण वर्षानुवर्षांचं जुनं, पण सर ते असं देत, की आत्ता जिना चढता चढता सुचलं असावं. "तापाचं कारण लॅबमध्ये नसतं, पेशंटच्या तोंडात असतं. विचारा. काय खाल्लं, कुठे गेलात, घरात जनावरं कोणती आणि झोपता कुणाबरोबर. हा शेवटचा प्रश्न विचारताना ज्याची जीभ अडखळते, त्याने खुशाल डोळ्यांचा डॉक्टर व्हावं." इथे सगळे हसत, कारण इथे हसायचं असतं हे आधीच्या बॅचने सांगून ठेवलेलं असे.

तिसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट तो शेवटचा प्रश्न फार हळू आवाजात विचारायची, म्हणून सरांनीच तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. जनरल वॉर्डातल्या खाटा इतक्या जवळ, की एकाने कूस बदलली की शेजाऱ्याची चादर ओढली जाई. तिथे ट्रक ड्रायव्हर, रंगारी, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांना सर राउंडवर खणखणीत आवाजात तो प्रश्न विचारत आणि आजूबाजूच्या खाटा कान टवकारून उत्तर ऐकत. चिमणी पेशंटजवळ वाकून कुजबुजायला लागली की सर म्हणत, "चिमणे, हिस्टरी घेतेस की कानमंत्र देतेस? आजाराला लाज नसते, मग डॉक्टरला कशाला हवी?" वाक्य मोठं छान होतं. चिमणीने ते पाठच करून टाकलं होतं.

मग सरांच्या सासऱ्यांना ताप आला.

सासरे निवृत्त न्यायाधीश. सगळा स्टाफ त्यांना जजसाहेब म्हणायचा. त्यांना स्पेशल रूम मिळाली. रूममध्ये सोफा होता, फ्रिज होता आणि चोवीस तास उशाशी बसलेली त्यांची मुलगी, म्हणजे सरांची बायको होती. आपल्या नातेवाइकावर आपण उपचार करू नयेत, हा नियम सर कसोशीने पाळत. त्यामुळे कागदावर उपचार उपप्रमुख करत होते आणि सर त्यांना काय करायचं ते फक्त सांगत होते.

तपासण्यांत कसूर नव्हती. डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन झाले, हृदयाची सोनोग्राफी झाली, हाडातला मगज काढून तपासला. सगळं नॉर्मल. ताप मात्र इमानेइतबारे रोज संध्याकाळी कामावर हजर. वजन उतरलं, जिभेवर पांढरा थर आला, कोरडा खोकला सुरू झाला आणि बाथरूमपर्यंत जाताना जजसाहेबांना धाप लागायला लागली. एखाद्या हमालाच्या जिभेवर तो थर दिसला असता, तर पहिल्या वर्षाच्या पोरानेही एचआयव्हीची टेस्ट सुचवून शाबासकी मिळवली असती. इथे उपप्रमुख म्हणाले, "अँटिबायोटिक्सनी होतं कधीकधी असं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता हिस्टरी घेतलीच नाही, असं कुणी म्हणू नये. घेतली होती, फक्त सगळी उत्तरं उशाशी बसलेल्या मॅडमनी, म्हणजे सरांच्या बायकोने दिली होती. "बाहेरचं खाणं?" "बाबा बाहेर खातच नाहीत." "काही व्यसन?" "बाबांना? अहो, बाबा चहासुद्धा घेत नाहीत!" मग उपप्रमुख खाकरले आणि त्यांनी विचारलं, घरात पोपट वगैरे आहे का? पोपट शेजाऱ्यांकडे निघाला. त्या पोपटाचं वय, पिंजरा, तब्येत यांची अगदी खोलात जाऊन चौकशी झाली.

चिमणीने सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "सर, एक टेस्ट राहिली आहे." तिने टेस्टचं नाव घेतलं, तेव्हा तिने चारचौघांत शिवी दिल्यासारखे सर तिच्याकडे बघत राहिले.

"ते माझे सासरे आहेत."

"हो सर."

"माणूस बघ, वय बघ. टेस्ट पेशंट बघून करायच्या असतात." मग सरांचा आवाज एकदम मायाळू झाला. "तुझ्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर माझी सही अजून व्हायचीये, नाही का गं?"

चिमणीची पाचावर धारण बसली आणि मागोमाग तिला राग आला. सहीची भीती खरी होती, तीन वर्षांची मेहनत त्या सहीवर टांगलेली होती. पण वर खोलीत जो माणूस धापा टाकत होता, त्याचंही फुप्फुस खरं होतं. एचआयव्हीच्या मागोमाग येणारा न्यूमोनिया वेळेवर ओळखला तर माणूस चालत घरी जातो आणि नाही ओळखला तर व्हेंटिलेटरवर जातो. असा उशीर झालेला एक रंगारी तिने गेल्याच वर्षी डोळ्यांदेखत जाताना पाहिला होता. त्याने आजार लपवल्यामुळे उशीर झाला, असं तेव्हा सर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर 'रुग्णांशी मोकळा संवाद' या विषयावर कार्यशाळा घ्यायला गेले. चिमणी स्पेशल रूममध्ये शिरली.

"मॅडम, तपासायचंय. थोडा वेळ बाहेर थांबता?"

"मी मुलगी आहे त्यांची."

"हो ना. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं."

"माझे मिस्टर कोण आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?"

"त्यांनीच शिकवलंय, मॅडम."

मॅडम फोन कानाला लावतच बाहेर गेल्या. चिमणीने दार लावलं, स्टूल ओढलं आणि जजसाहेबांना तो प्रश्न विचारला. जजसाहेबांनी डोळे मिटले. गेली सही, चिमणीला वाटलं.

"इतके दिवस वाट बघतोय," जजसाहेब म्हणाले. नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीमुळे शब्द तुटत होते. "पोपटापर्यंत पोचलात तुम्ही लोक. माझ्यापर्यंत काही कुणी येईना."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"मुलगी उशाशी बसलेली. आणि जन्मभर मी विचारायचो न् लोक सांगायचे. न विचारता सांगायची सवय नाही, बाळ." मग ते थांबत थांबत बोलले. पत्नी गेल्यानंतर घर खायला उठायचं. एक सोबत होती, काही वर्षं. नाव विचारू नका.

"नाव नको. पण त्यांचीही टेस्ट व्हायला हवी."

"मी सांगेन त्यांना. माझी आज करा. निकाल मला सांगायचा, मुलीला नाही. आणि जावयांना तर अजिबात नाही."

उपप्रमुख सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मी हे काही ऐकलेलं नाही." टेस्टच्या कागदावर सही मात्र त्यांनी सुवाच्य केली. टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्यांनी न्यूमोनियाचं औषधही लिहून दिलं आणि लगोलग पाठदुखीची रजा टाकली.

संध्याकाळी सरांनी सलाईनच्या बाटलीवर औषधाचं नाव वाचलं. ते वाचून त्यांना काही कळलं नसेल म्हणावं, तर सर इतके कच्चे नव्हते. ते तरातरा कॉरिडॉरमध्ये आले.

"रिपोर्ट दाखव."

"सर, पेशंटची परवानगी नाही."

"मी विभागप्रमुख आहे!"

"कागदावर उपचार उपप्रमुख सर करतायत. तुम्ही नातेवाईक आहात, सर." चिमणीचा आवाज पार टोकाच्या बाकापर्यंत पोचला. औषधांची ट्रॉली ढकलणारी सिस्टर जागच्या जागी थबकली. "नातेवाइकांना सांगायचं नसतं. पेशंटलाच विचारा."

सरांचं ते 'विचारा' कधीतरी सरांच्याच तोंडावर फेकायला मिळालं तर काय बहार येईल, असं तिला कितीदा तरी वाटलं होतं. बहार वगैरे काही आली नाही. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. घाम होता.

"काय विचारू?" सर म्हणाले.

"सगळ्यांना विचारता तेच."

सर खोलीत गेले, मागून चिमणीही. "तू जरा बाहेर थांब," ते बायकोला म्हणाले. ती का म्हणून विचारायला लागली, पण नवऱ्याचं तोंड बघून उठली. चिमणीही तिच्यामागोमाग निघाली होती, पण जजसाहेबांनी हात वर केला. "डॉक्टर, तुम्ही थांबा."

सर स्टुलावर बसले. त्यांनी मॉनिटर पाहिला. सलाईनचे थेंब पाहिले. चादरीचं टोक सरळ केलं. वॉर्डातल्या एकाही पेशंटसमोर सरांना शब्द शोधावे लागलेले चिमणीने पाहिले नव्हते, आणि तिला त्यांच्याकडे बघवेना.

"बाबा," सर शेवटी म्हणाले, "उशी ठीक आहे ना?"

"उशी उत्तम आहे, जावईबापू," जजसाहेब म्हणाले. "पुढचा प्रश्न."