चांदी रंगाचं टेबल

आमच्या भिलाईतल्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये एक टेबल होतं, आणि त्यावरून माझं नि माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं, वर्षातून एकदा हमखास वाजायचं. आमच्याकडे रंगरंगोटी दिवाळीला नाही, बाबासाहेबांच्या जयंतीला. एप्रिल उजाडला की मामाजी चांदी रंगाचा डबा उघडत. आधी फाटक, मग कुलरचं स्टँड, मग लोखंडी खाट, आणि शेवटी हे टेबल. सगळी भिलाई गंजाशी लढते हे मला मान्य. पण लाकडाला गंज चढत नाही, हे पोलाद कारखान्यात आयुष्य घातलेल्या माणसाला मी सांगायचं?

"वंदना, रंग मारला का टिकते," एवढंच ते म्हणायचे.

मामाजींचं नाव भय्याजी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते टेबल फ्रेंच घाटाचं, एका संस्थानच्या राणीसाहेबांचं. राजवाड्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरने ते घेतलं, आणि मायदेशी जाताना मामाजींना देऊन टाकलं. मामाजी तेव्हा फोर्ज शॉपमध्ये, लोखंड तापवून ठोकायच्या खात्यात, हेल्पर होते. हेल्परला कोण राणीचं टेबल देतो? शेजारीपाजारी त्याला 'भय्याजींची राणी' म्हणून हसत. मीही हसायची.

मग राजदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हुडको वसाहतीत घर घेतलं. घर लहान. मी सांगून टाकलं, टेबल भंगारात जाईल. मामाजींचा घास हातातच राहिला.

"आन् थे खरंच राणीचं निंघालं तं?"

"निंघालं तं येईन आपल्यासंग. दिला शब्द," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझी मुलगी आम्रपाली कॉलेजात शिकते. तिने हे मनावर घेतलं. सुपेल्याच्या बाजारातून रंग काढायचं औषध आणलं आणि खणाच्या कुलपाच्या भोकापासून खरवडायला बसली. कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. दुपारपर्यंत खाली पितळेची चकती दिसली, तिच्यावर माना गुंफलेले दोन मोर. मग आजूबाजूला काळसर तांबडं लाकूड, त्यात पितळेच्या तारेची नाजूक वेल. माझी गॅसवरची डाळ करपली, पण मला तिथून हलवेना.

"मामाजी, इतकं सुंदर होतं तं रंगवलं कावून?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पाय गंजून राहिले होते," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. आम्रपाली मात्र उठली आणि फ्रिजवरचं चुंबक काढून आणलं. टेबलाच्या बाकदार पायाला वरच्या बाजूला लावलं, पडलं. खाली लावलं, टकदिशी चिकटलं.

"मम्मी, ये देख! नीचे लोहा है!"

चारही पाय तसेच. रंग खरवडला तर वर लाकूड, अर्ध्यात करवतीने कापलेलं, खाली लोखंड. टेबलाचे पाय कोण कापतं? आता माझीही झोप उडाली. आम्रपालीने फोटो रायपूरच्या हिरालाल नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवले, आणि तो रविवारी हजर झाला. टॉर्च घेऊन टेबलाखाली चक्क उताणा झोपला. बाहेर आला तो कपडे झटकत म्हणाला, ह्याच मोरांची पानदानं त्या राजवाड्यातून त्याने स्वतः घेतलीत. टेबल राणीसाहेबांचंच. त्या गादीवर मांडी घालून लिहायच्या, म्हणून फ्रान्सच्या पद्धतीचं उंच टेबल त्यांनी कापून बुटकं करून घेतलं होतं.

मी मामाजींसमोर कान पकडले. ते नुसते खुर्चीत टेकले.

"लेकिन ये लोहा किसी का जुगाड़ है," हिरालाल म्हणाला. तेवढं कापायचं, तो लाकडी पाय बसवून देईल, मग टेबल संग्रहालयात शोभेल. उद्याच गाडी पाठवतो म्हणाला.

"जुगाड़ मत बोलो, भाई," मामाजी हळूच म्हणाले.

आणि मग आमच्याकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. रशियन साहेब ताडमाड उंच. त्या बुटक्या टेबलाखाली त्याचे गुडघेच मावेनात. त्याने शॉपमध्ये विचारलं. बाकीचे सरळ सळ्या ठोकून द्यायला निघाले होते. मामाजींनी लाकडी पायाचा बाक पाहिला, लोखंड तापवलं आणि तोच बाक खाली उतरवला. साहेबाने डोळे मिटून जोडावरून बोट फिरवलं, बोट कुठे अडखळलं नाही. जाताना म्हणूनच टेबल मामाजींना दिलं.

"माह्या बापाले अशा टेबलाजवळ कोनी उभं राहू देल्लं नसतं," मामाजी म्हणाले. "म्या त्याले पाय देल्ले."

"आबाजी, हे कधी सांगतलं कावून नाही?" आम्रपालीचा आवाज चिरकला.

"राणी म्हनलं का लोक बसून आयकत. पायाची गोष्ट कोन आयकते?" मग त्यांनी हिरालालकडे बोट दाखवून मला विचारलं, "म्हंजे राणी पास अन् मी फेल, असंच ना?"

सुनेचं भांडण जिभेवर असतं, पण ह्या माणसावर माझा किती जीव आहे ते मला त्या क्षणी कळलं. मी हिरालालला चहा पाजला आणि गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं.

हुडकोच्या घरात ते टेबल अर्धा हॉल खाऊन बसलंय. सोफा नणंदेकडे पाठवावा लागला. वरचं लाकूड उघडं ठेवलंय, आम्रपाली त्याला तेल पाजते. एप्रिल उजाडला तसे मामाजी घरात उगाच घुटमळू लागले. डब्याचं नाव काढायची हिंमत होत नव्हती त्यांची. शेवटी सुपेल्यातून चांदी रंगाचा डबा मीच आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"फक्त पाय," मी दटावलं.

"मंग काय," ते म्हणाले आणि ब्रश शोधायला गेले.

ते येईपर्यंत मी खाली बसले, डोळे मिटले आणि जोडावरून बोट फिरवलं. बोट कुठे अडखळलं नाही.