कुरतडलेल्या कडा

थोरलीने ब्रशचा आकार कमी केला, काळा रंग निवडला आणि फोटोच्या डाव्या कडेवर पहिला फटकारा मारला. खिडकीच्या गजांमागचा रस्ता, कागद फाटत जावा तसा, दातेरी होत नाहीसा झाला.

"आणखी खरबरीत करा," मागून स्टुडिओचे मालक म्हणाले. चहाचा पेला हातात घेऊन दुसऱ्याच्या पडद्यात डोकवायची त्यांची जुनी खोड. "काय दिवस आलेत बघा. पूर्वी उंदराने कुरतडलेला फोटो घेऊन गिऱ्हाईक रडत यायचं, नीट करून द्या म्हणायचं. आता नवाकोरा फोटो आणतात आणि पैसे देऊन कुरतडून घेतात. कोणाचा हा?"

"भाच्याचा. त्याच्या आजीला पाठवायचाय."

"गोड आहे. समोरचा दात कुठे गेला?"

"तोही उंदरानेच नेला."

मालक खो खो हसत आपल्या खुर्चीकडे गेले. थोरलीची नजर पडद्यावरून हलली नाही.

फोटोत टिल्लू खिडकीला टेकून उभा होता, डावा हात गजावर. त्या हाताच्या जरा वर, रस्त्यापलीकडच्या बँकेची पाटी दिसत होती. बँकेच्या नावाखाली गावाचं नाव, लख्ख, कोणालाही वाचता येईल असं. धाकट्या बहिणीने फोटो पाठवला तेव्हा थोरलीने आधी पोराला डोळे भरून पाहिलं, मग पाटी पाहिली. नवऱ्याचं घर सोडून पोराला घेऊन धाकटी कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. थोरलीलाही नाही. फोन कर, पण गाव विचारू नकोस, एवढंच ती म्हणाली होती. आता न विचारताच गाव समोर येऊन बसलं होतं.

कापून टाकावं तर टिल्लूचा हात जात होता. म्हणून या खरबरीत कडा. त्या हाताभोवतून हव्या तशा वळवता येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं शोभेसाठीच केल्यात.

फोटो हवा होता धाकटीच्या सासूला. म्हातारी अंथरुणाला खिळली होती, जीभ जड झाली होती, तरी नातवाचं नाव घेतल्याशिवाय घास गिळत नव्हती म्हणे. पण त्या घरातला कॉम्प्युटर लेकाचा, धाकटीच्या नवऱ्याचा. म्हणजे फोटो आधी तोच बघणार. ज्याच्यापासून लपायचं, त्याच्याच हातात नेऊन द्यायचं, असा सगळा मामला.

"तरी पाठव, ताई," धाकटी म्हणाली होती. "त्या घरात माझ्या बाजूने बोलल्या त्या एकट्याच. त्यांना नातू दिसू दे."

थोरलीने चारी कडा पुऱ्या केल्या. मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. पाटीचं नावनिशाण उरलं नव्हतं. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तिने फाईल जोडली, पाठवली, आणि घोटभर पाणी प्यायली.

पेला खाली ठेवताना तिचं लक्ष पाठवलेल्या फाईलच्या नावाकडे गेलं.

छापायची साधी फाईल तिने वेगळी करून ठेवली होती. ती होती तिथेच होती. गेली होती ती कामाची फाईल, सगळ्या थरांसकट, मास्कसकट.

मास्क म्हणजे काय? झाकण. काळा रंग लावाल तिथे खालचं झाकतं, पांढरा लावाल तिथे पुन्हा दिसतं. पुसलं काहीच जात नाही. एका क्लिकमध्ये झाकण बाजूला होतं आणि मूळ फोटो जसाच्या तसा वर येतो. आणि हे तिला शिकवलं कोणी? त्यानेच. लग्नाआधी तो याच स्टुडिओत, शेजारच्या खुर्चीत बसायचा. ती कामाची फाईल त्याला धाडायची, शेवटचा हात तो फिरवायचा. आज ईमेलच्या पत्त्याची पहिली अक्षरं उमटताच उरलेला पत्ता आपसूक पुढे आला, आणि तिच्या बोटांनी जुनी सवय पाळली.

तिने धाकटीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

तो उघडून बघणार नाही, अशी ती स्वतःची समजूत घालू लागली. पण उशीची शिवण उसवून बघणारा माणूस तो, बायकोने पिठाच्या डब्यात काही लपवलंय का म्हणून कोपरापर्यंत हात घालणारा. तो थर उघडणार नाही?

फोन थरथरला. धाकटी नव्हती.

*ताई, फाईल मिळाली. कडा सुरेख जमल्यात. शिकवलेलं विसरला नाहीत.*

ती काय उत्तर लिहावं याचा विचार करत असतानाच खाली दुसरी ओळ आली.

*टिल्लूची खिडकीही छान. समोरच बँक आहे, सोयच झाली म्हणायची.*

"ताई, बरं वाटत नाहीये का?" मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "चेहरा पांढराफटक पडलाय."

"जरा वर जाऊन येते. वारा घेते."

ती जिना चढू लागली. धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पुरती मिटत नसत. दारात चेंगरली, असं तेव्हा तिने सांगितलं होतं, आणि थोरलीने ते खरं धरलं होतं, कारण तसं धरणं सोपं होतं. गच्चीच्या कठड्याला धरून तिने पुन्हा फोन लावला. देवा, उचलू दे. एवढ्या वेळी उचलू दे.

"अगं, नळाला पाणी आलं होतं, बादल्या भरत होते," धाकटी म्हणाली. "गेला का फोटो?"

"तू निघ," थोरली म्हणाली. "आत्ताच्या आत्ता निघ तिथून. पोराला घे, सामान राहू दे. माझ्या हातून घोटाळा झालाय गं. मी झाकलं होतं, पण झाकलेलं सगळं त्याच्याकडे गेलं. त्याने पाटी वाचलीय. तो निघालाही असेल."

पलीकडे पाणी पडत होतं. मग नळ बंद झाला.

"ताई, खाली बस आधी. बसलीस का?"

"तू निघतेस की नाही?"

"ते गाव माझं नाहीच. वाटेत गाडी बदलायची होती, तिथल्या लॉजची खोली ती. एक रात्र राहिलो फक्त. तिथे जाऊन खुशाल पाट्या वाचत बसू दे त्याला."

थोरली कठड्याला पाठ लावून खाली बसली. फरशी तापलेली होती, तिला ते उशिरा कळलं.

"म्हणजे मी ते झाकलं नसतं तरी..."

"तरी चाललं असतं."

"मग मला सांगायचं नाहीस? इथे माझा जीव गेला असता."

धाकटीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं थोरलीला वाटून गेलं.

"मागच्या वेळी मी मैत्रिणीच्या खोलीवर होते, ते एकट्या तुला ठाऊक होतं. तो तुझ्यासमोर बसून रडला. दुसऱ्या दिवशी दारात उभा होता."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करू पाहत होतं. ती दर वेळी घरघरून बंद पडत होती.

"तू वाईट नाहीस गं," धाकटी म्हणाली. "तुला रडणं बघवत नाही, एवढंच. थांब, टिल्लू फोन ओढतोय."

"मावशी! माझा दुसरा पण दात हलतोय. मी जिभेने ढकलतो, असा..."

त्याच्या बोलण्यामागे, पलीकडच्या रस्त्यावरून, गाडीवरचा कर्णा जवळ येत होता. आवाज हळूहळू स्पष्ट झाला. "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की..."

पुढे गावाचं नाव येणार होतं. थोरलीने फोन कानापासून दूर केला. हात लांब करून, कठड्याबाहेर धरावा तसा धरला आणि दुसऱ्या हाताने तो कानही झाकून घेतला. पोराचा आवाज आणि कर्ण्याचा आवाज मिळून डासाएवढे झाले. ती वाट पाहत राहिली. गाडी लांब गेली असेल असं वाटल्यावर आणखी थोडी थांबली, आणि मग फोन कानाला लावला.

"मावशीला काही ऐकू नाही आलं, सोन्या," ती म्हणाली. "दाताचं पुन्हा सांग."