चर्चच्या दारावरचा कागद

नेपोलियनची लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. वेल्समधल्या कार्डिगनच्या डोंगरावर लाउरी सकाळपासून जळाऊ माती कापत होती. काळीभोर, ओली माती. तिच्या विटा पाडून वाळवल्या, की हिवाळाभर चूल पेटती राहते. लाउरीच्या घरातली चूल सासूच्या सासूपासून विझली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा नाही.

तेवढ्यात जमीनदाराचा कारभारी खुंट्या ठोकत आला.

"फावडं ठेव बाई. डोंगर वाटला गेला."

"कुनी वाटला? साऱ्या गावाचा डोंगर हाय त्यो!"

"मग वाट्यासाठी अर्ज का नाही दिलात? तीन रविवार कागद होता चर्चच्या दारावर."

"आमी चॅपलवाली मानसं, आमचा पंथ येगळा. सरकारी चर्चकडं फिरकत बी न्हाई. आन कागद विंग्रजीत असंल."

"कायदा इंग्रजीतच असतो." कारभारी हसला. "तुमच्या एबेनेझरला बरा वाचता आला! खालचा अख्खा उतार मिळाला त्याला."

एबेनेझर म्हणजे चॅपलचा पंच. चर्चच्या सावलीला उभं राहणंही पाप, असं दर रविवारी घसा ताणून सांगणारा! वरून कीर्तन, आतून तमाशा. ती चिखलाच्या पायांनीच त्याच्या घरी गेली. तो जवाची भाकरी ताकात कुस्करून खात होता.

"दादा, कागद वाचला व्हता का?"

"वाचला."

"मंग बोलला का न्हाई?"

"तुमाला चर्चच्या दारात धाडून पापात लोटू व्हय, वैनी? त्ये वझं म्या एकट्यानं उचललं." त्यानं मिशीवरचं ताक पुसलं. "माती लागंल तर ने की. कापनीला आठ दिस माझ्या रानात राब, झालं."

लाउरीला त्याची किळस आली. ती त्याच्या उंबऱ्यावर थुंकली आणि निघाली.

रविवारी एबेनेझरनं चॅपलात डोळे मिटून प्रार्थना धरली. लाउरी मधेच उठली.

"ह्या मानसानं आपला डोंगर गिळला! चोरून चर्चच्या दारात गेला, कागद वाचला, आन आपल्याला आंधळं ठेवलं!"

कुणी मान वर केली नाही. शेजारच्या मार्गेडनं तिची शाल ओढली.

"खाली बस गं बये. समद्यांस्नी ठावं हाय. पर त्याच्याच मातीवर हिवाळा काढायचाय न्हवं आमाला?"

एबेनेझरनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. प्रार्थना शांतपणे पुरी केली. आणि त्यावर साऱ्या गावानं असं दणदणीत 'आमेन' म्हटलं, की तेवढं मोठं आजवर देवासाठीही कधी म्हटलं नव्हतं.