डोयाची माय

मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या लहानशा चर्चमधली मूर्ती बोलतेय. मूर्ती संत लुसीची. पण ते नाव इथे थोड्यांनाच ठाऊक. माझ्या हातात तबक आहे आणि तबकात दोन डोळे, म्हणून सगळे मला ‘डोयाची माय’ म्हणतात.

मी प्लास्टरची. नागपूरला साच्यात ओतली गेले, कडब्यात गुंडाळून जीपने इथे आले. वाटेत एका खड्ड्यात नाकाचा टवका उडाला, तो तसाच आहे.

खरी लुसी सतराशे वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडच्या एका बेटावरची कुमारिका. तिने लग्न नाकारलं, आपला हुंडा गोरगरिबांना वाटला, राजाच्या देवांपुढे धूप जाळला नाही आणि तलवारीने मरण पत्करलं. छळात तिचे डोळे काढले, असंही सांगतात. तेरा डिसेंबरला तिचा सण. तांड्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच, पण त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं कापसाची वेचणी सोडून येतात. कुणी मेणबत्ती लावतं, कुणी नारळ फोडतं, कुणी चांदीचे डोळे वाहतं. फादर नारळाबद्दल पूर्वी कुरकुरायचे. आता प्रसादाला हात पुढे करतात.

गेल्या सणानंतर कस्तुराबाई आल्या. शेजारच्या गावच्या, शेतकरी घरातल्या. त्यांचा एक डोळा मोतीबिंदू पिकून गेलेला. दुसऱ्यालाही तेच लागलेलं. वाशीमच्या डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली होती आणि बजावलं होतं, आता थांबाल तर हाही जाईल.

त्यांनी झेंडूची दोन फुलं माझ्या दोन्ही खांद्यांवर ठेवली. “माय, उजवं पडलं तं जातो. डावं पडलं तं नाही जात.”

मी मूर्ती. मला कौल देता येत नाही. पण मीही फुलांकडेच बघत राहिले.

तेवढ्यात दार उघडलं. बेबीताई आल्या, कस्तुराबाईंच्या गावात दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, त्यांनाच शोधत. दारातून वाऱ्याचा झोत आला आणि डावं फूल खाली पडलं.

“झालं,” कस्तुराबाई म्हणाल्या. “माय नाही म्हणते.”

“अवं, वारा होता तो!” बेबीताई कळवळून म्हणाल्या. “दार मीच उघडलं ना!”

“तुमी बुद्धाचे लोकं. तुमाले काय समजते यातलं?”

बेबीताईंना लागलं, हे मला दिसलं. मला ओरडावंसं वाटलं, पण प्लास्टरचे ओठ उघडत नाहीत.

निघून जायच्या ऐवजी बेबीताई चर्च झाडणाऱ्या सुंदरबाईंकडे वळल्या आणि माझ्याकडे बोट केलं. “बाई, मले खरंच माहीत नाही. या पोरीनं केलं काय होतं?”

सुंदरबाईंनी झाडू टेकवला. “इची माय लय बिमार होती. अंगावरून जाणं थांबेच ना. मंग इनं मायले उठवलं आन् दुसऱ्या गावाले नेलं. तिथंच ते बरी झाली.”

“घरी बसून फुलं नाही पायली?”

“नाही. घेऊनच गेली.”

कस्तुराबाईंनी हळूच विचारलं, “अन् मायले भेव नाही वाटलं?”

“वाटलंच असन,” सुंदरबाई म्हणाल्या. “पण लेक संगं होती ना.”

कस्तुराबाईंनी चाचपडत हात पुढे केला. तो बेबीताईंनी धरला. “तू थांबशीन तिथं? पट्टी सोडेपर्यंत?”

“थांबतो ना.”

गेलेला डोळा परत आला नाही. दुसरा वाचला. महिन्याभराने कस्तुराबाई एकट्याच आल्या, काळा चष्मा कपाळावर सारून माझ्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांना माझी नुसती सावली दिसत असे.

“अवं,” त्या म्हणाल्या, “तू तं लेकरूच हायेस! एवढ्याश्या पोरीले काय काय सोसा लागलं वं.” आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही.

पायरीवर एक बाई डोळ्याला पदर लावून बसली होती, हातात झेंडूची दोन फुलं. कस्तुराबाई तिच्याजवळ बसल्या. “वाशीमले गेलती काय? नाही? काहून? चाल, मी येतो तुह्या संगं.”

मी इथेच आहे. रंग उडतोय, तबकातल्या एका डोळ्याला चीर गेली आहे. तुम्ही जरूर या, मेणबत्ती लावा, नारळही फोडा. फक्त मला हो-नाही विचारू नका. जिला भीती वाटते, तिच्यासोबत जा. त्या दिवशी कस्तुराबाई आणि ती बाई बसच्या रस्त्याला लागल्या तेव्हा फुलं पायरीवरच राहिली होती.